डाव्या हाताचे टाके

शिंपीणबाई जन्माची डावखुरी. लहानपणी आत्याने तिचा डावा हात फडक्याने पाठीशी बांधून ठेवला होता, 'चारचौघांत शोभत नाही' म्हणून. त्यामुळे ती अजूनही दुकानात लोकांसमोर सुई उजव्या हातात धरायची. घरी मात्र सुई आपसूक डाव्या हातात जायची.

एकदा तिच्या चिमुरडीने डाव्या हातात खडू धरला आणि हिने फटकन तिच्या हातावर मारलं. पोर रडली नाही, तिने गुपचूप हात बदलला. ते पाहून शिंपीणबाईला आपला बांधलेला हात आठवला. आत्या कधीच गेली होती, पण तिचा धाक हिच्या हाडीमासी मुरला होता.

"बाळा, तुला येईल त्या हाताने लिही."

"मग तू दुकानात डाव्या हाताने का नाही शिवत?"

दुसऱ्या दिवशी तिने भर गिऱ्हाइकांत डाव्या हाताने सुई उचलली.

दुकानाचा मालक खेकसला, "बाई, लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. टाका वाकडा पडला तर बोला."

दोन गिऱ्हाईक बायकांनी नाकं मुरडत आपलं कापड परत नेलं. मालक धुसफुसत राहिला, पण टाक्यांत खोट काही सापडेना. शिंपीणबाईने मान वर केली नाही की हात बदलला नाही.