ताईनं वाचवलेली रजा

ताई गेल्याचा बायकोचा फोन आला, तेव्हा मी स्वारगेटला बसमधून उतरत होतो. त्याला आता दीड महिना होईल. भेटायला येणारे सांगतात, तिनं कंपनीत कितीजणांचं भलं केलं. मला मात्र तिच्या मनातून कधीच न गेलेलं अपराधीपण आठवत राहतं...

माझी ही मोठी बहीण आमच्याकडेच राहायची. येरवड्याजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कर्मचाऱ्यांच्या रजा-पगाराचं खातं तिच्याकडे होतं. कंपनी परदेशी मालकांनी घेतली आणि फतवा निघाला : साठलेली भरपगारी रजा मार्चअखेर रद्द. ताईनं साहेबांना शांतपणे सांगितलं, पुढचे नियम जरूर बदला, पण लोकांनी कमावलेली रजा त्यांना न विचारता काढून घेता येणार नाही. बरीच घासाघीस झाली. रजा वाचली, बदल्यात एक अट आली. रजा घ्यायला प्रोजेक्ट मॅनेजरची संमती लागणार होती. ताईनं ती मान्य केली, आणि येताना श्रीखंड घेऊन आली. आम्ही चाटूनपुसून खाल्लं.

काही महिन्यांनी टेस्टिंगमधली रोहिणी तिच्याकडे आली. वडील दवाखान्यात होते आणि मॅनेजर संमती देईना. ताईनं त्याला फोन केला. तो म्हणाला, काम क्लायंटकडे जाईपर्यंत तिला आठवडाभर थांबवा. ताईनं रोहिणीला थांबायला सांगितलं. ती थांबली. आठवडा पुरा व्हायच्या आत वडील गेले.

मग ताईनं भांडून ती अट काढायला लावली, पण तोवर रोहिणी नोकरी सोडून गेली होती. तिच्या घरी, धायरीला, एकटीनं जायचा ताईला धीर होईना, म्हणून मी सोबत गेलो. रोहिणीनं चहा केला. ताई माफी मागायला लागली, तसं तिनं मध्येच थांबवलं.

"मॅडम, रजा माझीच होती ना? मग मी विचारत का बसले? नुसतं निघायला हवं होतं."

 परतताना ताई म्हणाली, "मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं रे. तिनं सगळं स्वतःवरच घेतलंय."



आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मंगलमावशींना मात्र ताईनं पुढे बजावून ठेवलं होतं, रजा मागायची नाही, फक्त सांगायची. परवा पोळ्या आटोपून हात पुसत त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, उद्यापासून चार दिवस मी नाही. बहिणीकडं चाललेय."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बरं."