लीलाबाईंच्या गाडीचा ओव्हरड्राइव्ह

शेषराव मोटारीचं काम शिकले ते लढाईच्या काळात, जबलपूरच्या लष्करी वर्कशॉपात. लढाई संपली तसे अकोल्याला परत आले आणि मोर्णेच्या काठाला टिनाचं छप्पर टाकून स्वतःचं गॅरेज उघडलं. छप्पन साली बायको चतुराबाईसोबत नागपूरला जाऊन त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आल्यावर गॅरेजातल्या देवांच्या तसबिरी उतरवल्या. काही जुनी गिऱ्हाईकं त्यानंतर फिरकली नाहीत. शेषरावांनी कोणाला कारण विचारलं नाही. काम चांगलं होतं, त्यामुळे नवी गिऱ्हाईकं येत राहिली.

त्यांतलीच एक अमरावतीची लीलाबाई.

लीलाबाईंचं माहेर अकोल्याचं. नवरा चंद्रभान, अमरावतीला त्यांची कापसाची जिनिंग होती. लहानपणी तापात लीलाबाईंचा डावा पाय लुळा पडला होता. काठी टेकत चालायच्या. लग्न होऊन बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. घरात सासू केशरबाई आणि मोठा नोकरचाकरांचा राबता, पण लीलाबाईंना करायला काही नसे. अठ्ठावन्न साली चंद्रभाननी मुंबईहून एक अमेरिकन गाडी आणली. आठ सिलिंडरचं इंजिन, पुढचं तोंड एखाद्या लाँचसारखं लांब. मायदेशी परतणाऱ्या कुण्या साहेबाची होती. तिला क्लच नव्हता. गिअर आपोआप पडत. स्टिअरिंगजवळच्या दांडीवर अक्षरं होती, पुढं जायचं एक, मागं जायचं एक, आणि गाडी उभी करायची झाली की दांडी ‘पी’वर टाकायची. मग आतला खिट्टा अडकून बसे आणि गाडी जागची हलत नसे.

चंद्रभाननी गाडी आणली ती स्वतःच्या हौसेसाठी. पण क्लच नाही म्हणजे डाव्या पायाचं कामच नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं लीलाबाईंच्या.

“मले शिकवता काय?” त्यांनी विचारलं.

चंद्रभान हसले, पण त्यांनी शिकवलं. बडनेऱ्याच्या मोकळ्या रस्त्यावर महिनाभरात लीलाबाई त्यांच्यापेक्षा सफाईनं चालवायला लागल्या. जमिनीवर चालताना ज्या बाईकडे लोक कीव करून बघत, ती आता मूर्तिजापूरच्या रस्त्यानं धुरळा उडवत माहेरी जाऊ लागली. बाजूला चंद्रभान बसत. केशरबाईंना ते अजिबात आवडलं नाही. “बाईच्या हाती मोटार, अन थेही अशा बाईच्या,” असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

गाडीची एकच तक्रार होती. गिअर दोनच. वेग वाढला की इंजिन जिवाच्या आकांतानं ओरडायचं, कारण वर तिसरा गिअरच नव्हता. एकदा माहेरी जाताना लीलाबाईंनी गाडी शेषरावांच्या गॅरेजपुढं थांबवली.

“शेषरावभाऊ, हे गाडी पळते चांगली. पण ओरडते लय. बाजूले बसलेल्याचं बोलणं आयकू येत नाई. काही करता येईन काय?”

शेषरावांनी बॉनेट उघडलं, मग गाडीखाली जाऊन आले. हात पुसत म्हणाले, “येते करता. पण सोपं नाई. मले थोडा टाइम द्या.”

काही अमेरिकन गाड्यांना गिअरबॉक्सच्या मागं ओव्हरड्राइव्ह नावाचा एक वेगळा डबा असायचा, हे त्यांना लष्करातल्या दिवसांपासून माहीत होतं. गाडी वेगात आली आणि चालवणाऱ्यानं ॲक्सिलरेटरवरचा पाय क्षणभर उचलला, की हा डबा लागू होई. मग चाकं तेवढ्याच वेगानं फिरत, पण इंजिन बरंच हळू फिरे. आवाज कमी, पेट्रोल कमी, इंजिनाची झीजही कमी. मात्र हे डबे हाताच्या गिअरवाल्या गाड्यांचे होते. आपोआप गिअर पडणाऱ्या गाडीला तो मागून जोडलेला शेषरावांनी कधी पाहिला नव्हता.

नागपूरच्या भंगारबाजारात एका चेपलेल्या गाडीचा ओव्हरड्राइव्ह त्यांना मिळाला. तो जोडायला मधली तबकडी त्यांनी लेथवर कातून घेतली. मागच्या चाकांकडे जाणारा लांब शाफ्ट काढून चंद्रभानकडे ठेवायला दिला आणि त्याजागी तेवढाच आखूड केलेला दुसरा घातला. डॅशबोर्डखाली एक मूठ बसवली. मूठ आत दाबली की ओव्हरड्राइव्ह चालू, बाहेर ओढली की बंद. पावसाळ्यात कामं कमी होती, ते सगळे दिवस शेषराव त्या गाडीखालीच होते. चतुराबाई जेवणाचा डबा घेऊन येई आणि त्यांना बाहेर काढायला त्यांच्या पायाला हात लावून हलवी.

पहिल्यांदा गाडी घेऊन निघाले तेव्हा चंद्रभान मागं बसले, लीलाबाई चालवायला, शेषराव त्यांच्या बाजूला. बोरगावच्या पुढं रस्ता सरळ लागला. लीलाबाईंनी वेग वाढवला. इंजिन ओरडू लागलं.

“आता पाय उचला,” शेषराव म्हणाले.

त्यांनी उचलला. खालून ‘टक्’ असा आवाज आला आणि गाडीतला सगळा गोंधळ एकदम खाली बसला. वेगाचा काटा होता तिथंच होता. दोन्ही बाजूंची कपाशी भराभर मागं पळत होती आणि आत टायरांची तेवढी सळसळ.

मग लीलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “आयकू येते काय जी मागं?”

“येते,” चंद्रभान म्हणाले.

शेषरावांनी त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं. मूठ आत असली की हा डबा गाडीला पुढं मोकळं सोडतो, म्हणून घाट उतरायच्या आधी मूठ बाहेर ओढायची, नाहीतर इंजिन गाडीला धरून ठेवणार नाही आणि सगळा भार ब्रेकवर येईल. गाडी मागं घेतानाही मूठ बाहेर हवी, नाहीतर डबा फुटेल. लीलाबाईंनी दोन्ही गोष्टी त्यांच्यासमोर म्हणून दाखवल्या. त्या दिवशी जिनिंगच्या घरी शेषरावांना जेवायला ठेवून घेतलं. केशरबाई आतच राहिल्या. लीलाबाईंनी स्वतः पान वाढलं, घरच्याच ताटात.

वर्षभर गाडी अमरावती-अकोला धावली. कधी काही झालं नाही. सगळा सपाट मुलूख.

साठ सालच्या थंडीत नवराबायको चिखलदऱ्याला गेले. परतवाड्याहून घाट लीलाबाईंनीच चढवला. वर पठारावर एका ठिकाणी रस्ता दरीच्या अंगाला उतरत जातो, तिथं त्यांनी गाडी थांबवली. दांडी ‘पी’वर टाकली, इंजिन बंद केलं, काठी घेऊन उतरल्या आणि दरी बघायला गाडीपुढं चालत गेल्या. चंद्रभान डिकीतून पाण्याचा डबा काढत होते. त्यांनी डिकी आदळून बंद केली. गाडी हलली आणि हळूहळू उताराला लागली. चंद्रभान ओरडले. लीलाबाईंनी वळून पाहिलंही. पण लवकर बाजूला व्हायला लागतो तो पाय त्यांच्याजवळ नव्हता.

अमरावतीच्या दवाखान्यात आणेपर्यंत त्या गेल्या होत्या.

शेषरावांना दुसऱ्या दिवशी कळलं. ते अमरावतीला पोचले तेव्हा स्मशानातून माणसं परतत होती. ओसरीवर बसलेले लोक एकच बोलत होते. बाईनं दांडी नीट टाकली नसेल. विसरली असेल. लंगड्या बाईच्या हातात मोटार दिल्यावर दुसरं काय होणार. आतून केशरबाईंचा आवाज येत होता, “मी पहिल्यापासून सांगून राहिली होती.” चंद्रभान भिंतीला टेकून बसले होते. त्यांनाही तेच वाटत होतं, हे त्यांच्याकडे पाहून कळत होतं.

ओढून आणलेली गाडी जिनिंगच्या आवारात उभी होती. शेषराव तिकडे गेले. पुढचं मडगार्ड झाडावर आदळून चेपलं होतं. त्यांनी दार उघडून आत पाहिलं. पोलिसांनी पंचनामा केला होता, पण मागची चाकं उचलून गाडी ओढत आणल्यामुळे आतल्या कशाला कोणी हात लावला नव्हता. दांडी ‘पी’वर होती. व्यवस्थित, खाचेत बसलेली. डॅशबोर्डखालची मूठ आत होती, घाट उतरायची वेळ अजून आलीच नव्हती.

शेषराव गाडीच्या मागं गेले आणि खांदा लावून ढकलली. सपाट फरशीवर ती मोठी गाडी पुढं सरकली. ते पुढच्या बाजूला आले आणि मागं ढकलून पाहिली. जागची हलेना.

तेव्हा त्यांना कळलं. ‘पी’चा खिट्टा अडकायचा तो गिअरबॉक्समध्ये. त्यांनी बसवलेला डबा होता त्याच्या मागं, खिट्टा आणि चाकांच्या मधे. मूठ आत असली की डबा चाकांना पुढं मोकळं सोडणार, मग गिअरबॉक्स कितीही घट्ट अडकलेला असो. मागं जाताना धरणार, पुढं जाताना नाही. हाताच्या गिअरच्या गाडीत माणूस हँडब्रेक ओढतोच. या गाडीत ‘पी’ होता म्हणून हँडब्रेकला कोणी हात लावत नव्हतं. घाट उतरायचं त्यांनी सांगितलं होतं, मागं घ्यायचं सांगितलं होतं. गाडी नुसती उभी करायची असते तेव्हाचं काही त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि वऱ्हाडच्या सपाट रस्त्यांवर वर्षभर ते उघडं पडलं नाही.

जिनिंगचा चौकीदार सूर्यभान जवळ उभा होता. शेषराव गाडीच्या उघड्या दारात खाली बसले तसं त्यानं विचारलं, “पाणी आणू काय?”

“नको,” शेषराव म्हणाले आणि उठले.

ओसरीवर लोक तसेच बसले होते. शेषराव चपला काढून चंद्रभानसमोर जाऊन उभे राहिले.

“भाऊ, बाईंची चूक नव्हती. दांडी पीवरच हाय. म्या आत्ता पाहिली.”

चंद्रभाननी मान वर केली.

“मंग गाडी कशी गेली?”

“म्या जोडलेल्या डब्यानं. थो डबा असला की पी गाडीले पुढं धरत नाई. हे माह्या ध्यानात यायले पाहिजे होतं. नाई आलं. म्या सांगितलं तसंच बाईंनी केलं होतं.”

दाराशी केशरबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. कोणी तरी मागून “यालेच आत टाकाले पाहिजे” असं म्हणालं. चंद्रभाननी हात वर करून त्याला थांबवलं.

“तू जाय, शेषराव,” ते म्हणाले. “आता जाय.”

शेषराव तिथून पोलिसांत गेले आणि तोच जबाब तिथं लिहून दिला. फौजदारानं चंद्रभानना बोलावून विचारलं. मला कोणाविरुद्ध तक्रार करायची नाही, एवढंच चंद्रभान म्हणाले. अपघाती मृत्यू म्हणून ते प्रकरण मिटलं.

अकोल्यात मात्र बातमी पोचली होती. शेषरावांनीच ती पोचवली असं म्हणायला हवं, कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला ते तेच सांगत. चतुराबाई एकदा म्हणाली, “एवढं सगळ्याइले कावून सांगता? थे लोक बाईले इसरून जातीन, तुमाले नाई इसरणार.”

“बाईले नावं ठेवून राहिले होते,” शेषराव म्हणाले.

गॅरेजपुढच्या गाड्या कमी झाल्या. ज्या आल्या त्यांच्या खाली शिरताना शेषराव अडखळू लागले. एखादा नट आवळून झाला तरी पुन्हा पुन्हा पाना लावून बघत. साधं ब्रेकचं काम असलं तरी गाडी दिवसभर सोडत नसत. शेवटी त्यांनी गॅरेज बंद केलं आणि एस.टी.च्या डेपोत फिटर म्हणून लागले. तिथं नवं काही जोडायचं नसे. आधीपासून होतं तसं परत बसवायचं. त्यांना तेच हवं होतं.

सहासष्ट साली डेपोच्या दाराशी चंद्रभान आले. केस पांढरे झाले होते. शेषराव तेलकट हातांनी बाहेर आले.

“गाडी विकून राहिलो,” चंद्रभान म्हणाले. “शेंदूरजन्याचा एक बागाईतदार घेते. त्याच्या घरी लेकरं हायेत. देण्याआधी थो डबा काढून दे.”

“दुसरा कोणीही काढन, भाऊ.”

“मले दुसरा नाई पाहिजे.”

शेषराव सुट्टी काढून अमरावतीला गेले. गाडी शेडमध्ये होती, वर ताडपत्री. केशरबाई मधल्या काळात गेल्या होत्या, घरात चंद्रभान एकटेच राहत. शेषराव दिवसभर खाली काम करत राहिले. चंद्रभान खुर्ची टाकून जवळ बसले होते. जुना लांब शाफ्ट त्यांनी सांभाळून ठेवला होता, तो सूर्यभानला आणायला लावला.

दुपारी शेषराव बाहेर येऊन पाणी प्यायले, तेव्हा चंद्रभान बोलले.

“तू त्या दिवशी सांगितलं नसतं तं मी तिलेच दोष देत बसलो असतो. आयुष्यभर. हे मले कळते.”

शेषरावांनी पेला खाली ठेवला.

“पण तुह्यावरचा राग जात नाई. म्या लय पाहिलं. जात नाई.”

“जाऊ नये,” शेषराव म्हणाले.

“अन डिकी म्या आदळली होती.”

“थे काही नाई, भाऊ. गाडी गेलीच असती.”

चंद्रभान खुर्चीतून पुढं झुकले. मग म्हणाले, “हे तुले नक्की ठाऊक हाय?”

शेषरावांना नक्की ठाऊक नव्हतं. डिकी आदळली नसती तर गाडी कदाचित आणखी थोडा वेळ थांबली असती, कदाचित लीलाबाई तेवढ्यात बाजूला झाल्या असत्या. आयुष्यात गाड्यांबद्दल त्यांनी कोणाला खोटं सांगितलं नव्हतं.

“नक्की,” ते म्हणाले आणि पुन्हा गाडीखाली गेले.

दिवस कलायच्या आत काम झालं. त्यांनी दांडी ‘पी’वर टाकली आणि दोघांनी मिळून गाडीला मागून खांदा लावला. हलली नाही. चंद्रभाननी जेवून जा म्हणून सांगितलं नाही आणि शेषरावांनीही वाट पाहिली नाही. शेवटची बस होती. मूर्तिजापूरपर्यंत त्यांना बसायला जागा मिळाली नाही, ते दांड्याला धरून उभे होते. घरी पोचल्यावर चतुराबाईनं विचारलं, काय म्हणाले. काढून दिला, एवढंच शेषराव म्हणाले, आणि हातपाय धुवायला मागच्या अंगणात गेले.