फुलनेम साहेब

आमच्या फोरमनना वर्कशॉपात सगळे 'फुलनेम' म्हणायचे, अर्थात पाठीमागे. कारण त्यांनी कुणाला अर्ध्या नावाने हाक मारली, असं कधी झालंच नाही. केरळच्या वेल्डरचं हातभर लांब नाव ते रोज सकाळी अडखळत, पण शेवटपर्यंत म्हणायचे. चहावाल्यालासुद्धा आधी मिस्टर! "साहेब, एवढ्यात चहा गार होतो," असं कुणी म्हटलं की म्हणायचे, "होऊ दे. आईबापांनी दिलंय, मी का कापू?"

साहेब अमेरिकेचे, काळे, साठीला टेकलेले. नव्वदच्या दशकातलं बहरीन, आणि मी नवाकोरा एसी मेकॅनिक. तिथल्या गुदैबिया भागात आम्ही चार जिल्ह्यांतले चार मराठी एका फ्लॅटमध्ये राहायचो, मेस एकच. तिथे मी फक्त 'दिनकर गंगाराम'. बापाचंच नाव आडनावाच्या जागी चिकटवून दिलं होतं. कांबळे म्हटलं की ताट बाजूला सरकतं, हे मी गावात लहानपणीच शिकलो होतो. त्यात मेसचे पुढारी अण्णा आमच्याच वर्कशॉपात स्टोअरकीपर!

म्हणून पहिल्याच दिवशी साहेब ऑफिसची यादी घेऊन हजेरीला निघाले, तसा मी धावत गेलो. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं, "सर, माझं शेवटचं नाव नको." का, तेही सांगितलं.

साहेबांनी यादी खाली ठेवली आणि आपल्या घरची गोष्ट सांगितली. त्यांचे पणजोबा गुलाम होते. गुलामी उठली तेव्हा त्यांनी मालकाचं आडनाव टाकून स्वतः निवडलेलं लावलं. कारकून जुनंच लिहायला बघत होता, तर पणजोबा संध्याकाळपर्यंत टेबलापुढून हललेच नाहीत. पण पुढे साहेबांच्या वडिलांनाही, केस पिकले तरी, गोरी पोरंटोरं 'ए पोरा' म्हणायची. कायदा बदलल्यावर वडील मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले आणि तिथल्या बाईंनी त्यांना मिस्टर म्हटलं. "त्या रात्री बाप जेवलाच नाही," साहेब म्हणाले, "नुसता हसत बसला."

मग म्हणाले, "तुझं नाव तुझं आहे. तू म्हणेपर्यंत मी म्हणणार नाही." आणि दोन वर्षं पाळलं हो माणसाने! हजेरीत 'दिनकर गंगाराम' म्हणून क्षणभर थांबायचे, मग पुढच्याकडे वळायचे. त्या थांबण्याची मला लाज वाटायची, आणि कुणीतरी आपल्यासाठी जागा धरून बसलंय असंही वाटायचं.

साहेबांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. जाण्याआधी त्यांनी मला चार्जहँड, म्हणजे शिफ्टचा मुकादम, करून घेतलं आणि शिफ्टच्या फळ्यापुढे खडू हातात दिला. अण्णा समोरच उभे. मी माझी तिन्ही नावं लिहिली, कांबळेसकट.

त्या दिवशी मेसमध्ये अण्णा घास हातातच धरून म्हणाले, "अरे, दोन वर्षं मांडीला मांडी लावून जेवलो रे आपण!"

"मग? काही बाधलं का?" मी विचारलं.

चौघांतले रत्नागिरीचे हसनचाचा तेवढे खो खो हसले आणि माझ्या ताटात मासळीचा आणखी एक तुकडा वाढला. आठवड्याभरात अण्णांनी बिऱ्हाड हलवलं. चौथा आमच्यातच राहिला, मान खाली घालून का होईना.

शुक्रवारी साहेबांना सोडायला विमानतळावर गेलो. आभाराचं इंग्रजी वाटेत चारदा घोकलं होतं. ऐन वेळी एक शब्द आठवेल तर शपथ! मी नुसता हात पुढे केला आणि पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं म्हटलं, "दिनकर गंगाराम कांबळे."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि सावकाश, एकही अक्षर न गाळता म्हणाले, "मिस्टर दिनकर गंगाराम कांबळे."