साठ हजारांत माळशेज

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचंही काहीही बिघडलं की लोक माझ्याकडे येतात. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर नकाशे काढते, एवढाच माझा गुन्हा. पहिल्या मजल्यावरच्यांच्या गिझरची तक्रारसुद्धा मी ऐकून घेतलेली आहे. त्यामुळे दसऱ्याच्या सकाळी समोरच्या दारातले धोंडीबा डुंबरे हातात वही घेऊन आले आणि म्हणाले, "संचिता, मला गेम खेळायचा कॉम्प्युटर बांधून घ्यायचाय," तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो दार लावून घ्यायचा.

धोंडीबाकाका एकसष्ट वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते. त्यातली शेवटची एकोणीस वर्षं एकच फेरी: कल्याणहून मुरबाड, टोकावडे, माळशेज घाट, ओतूर, जुन्नर आणि परत. माणूस उंच, पोट स्टिअरिंगला टेकेल इतकंच पुढे, आणि आवाज असा की ते आमच्या मानपाड्याच्या बिल्डिंगच्या जिन्यात बोलले तर चौथ्या मजल्यावर दूध उतू जाईल. मोबाइलवर त्यांना फक्त दोन गोष्टी यायच्या, फोन उचलणं आणि फोन न उचलणं. आणि हे गेम खेळणार.

"कसला गेम?"

पुतण्याने त्यांच्या बायकोच्या, लक्ष्मीकाकूंच्या, मोबाइलवर पाठवलेला व्हिडिओ त्यांनी मला दाखवला. कुणा हौशी मंडळींनी बस चालवायच्या गेममध्ये आपला माळशेज घाट बनवून टाकला होता. तीच वळणं, तोच बोगदा, आणि चढणीवर एक लाल गाडी. काकांनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला होता कोण जाणे.

"माझी शेवटची फेरी राहिलीय," ते म्हणाले. "म्हंजे झाली. पण ती शेवटची हाये हे मला कुणी सांगितलंच नाय. आधी कळलं असतं तर घाटमाथ्यावर दोन मिनिटं थांबलो असतो."

हे मला माहीत होतं, कारण सगळ्या मजल्याला माहीत होतं. पाच वर्षांपूर्वी त्यांच्या कंडक्टरने, सखाराम रोकड्यांनी, डेपो मॅनेजरकडे जाऊन सांगितलं की डुंबऱ्यांना उजवीकडचं दिसत नाही. टोकावड्याजवळ एक बैलगाडी हातभर अंतरावरून वाचली. डोळे तपासले तर काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसतं, पण कडा जातात, आणि गेलेल्या परत येत नाहीत. काकांना गाडीवरून काढून गेटवर बसवलं, तिथूनच ते निवृत्त झाले. सखारामांशी बोलणं त्या दिवसापासून बंद. एकोणीस वर्षं एका डब्यात जेवलेली माणसं.

"डॉक्टर म्हणतात, आहे ते टिकवायचं. किती टिकंल ते सांगत नाहीत," काका म्हणाले आणि वही उघडली. वर लिहिलं होतं: एकूण साठ हजार. लक्ष्मीला विचारून. खाली एकच ओळ: इंजिन कुठले घ्यावे?

मी हो म्हटलं. नाही म्हणायची सोय त्यांनी ठेवली नव्हती.

डोंबिवली स्टेशनजवळ एका गल्लीत पहिल्या मजल्यावर दिपेशचं दुकान आहे. दिपेश भला माणूस, पण त्याचं आयुष्य कॉलेजच्या पोरांना पार्ट विकण्यात गेलेलं. काका आत गेले, कॉम्प्युटरच्या उघड्या कॅबिनेटपाशी थांबले आणि त्यांनी बुटाच्या टोकाने ते दोनदा ठोकून पाहिलं.

"काका, तो टायर नाहीये," दिपेश म्हणाला.

"पत्रा पातळ हाये," काका म्हणाले.

मग प्रोसेसर. दिपेशने डबी पुढे केली, कोअर किती, स्पीड किती ते सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घाटात गरम होतो का?"

"प्रोसेसर घाटात कुठे जाणार, काका?"

"मग मी कुठं जाणार हाये?"

दिपेशने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. गंमत म्हणजे प्रश्न बरोबर होता. त्या दुकानात लोक महिनोन् महिने बसून हाच प्रश्न इंग्रजीतून विचारतात. दिपेशने पाण्याने थंड होणारा कूलर दाखवला. त्यात रेडिएटर आहे म्हटल्यावर काकांचा चेहरा उजळला. "हे आधी सांगायचं ना! पाणी कुठून ओतायचं?" पाणी ओतायचं नसतं, ते आत बंद असतं, कळल्यावर त्यांचा त्या वस्तूवरचा विश्वासच उडाला. न उघडणारा रेडिएटर माणसाला फसवायला केलेला असतो, असं त्यांचं मत पडलं. शेवटी दुकानातला सगळ्यात मोठा साधा पंखा घेतला. तो आवाज करतो म्हणून स्वस्त होता, आणि काकांनी तो आवाज करतो म्हणूनच घेतला.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे या सगळ्यातला महागडा भाग. चित्र तेच काढतं. दिपेशकडे एक जुनं निम्म्या किमतीत होतं. काकांनी ते हातात घेऊन वास घेतला. मी शपथेवर सांगते, वास घेतला.

"किती पळालंय?"

दिपेश प्रामाणिक निघाला. म्हणाला, "दोन वर्षं रात्रंदिवस चालू होतं. एका पार्टीने बिटकॉइनसारखे कॉइन कमवायला लावलेलं."

"म्हंजे न थांबता. ड्रायव्हर बदलायचा, गाडी तीच." काकांनी कार्ड परत ठेवलं. "असली गाडी मी डेपोतून काढली नसती. हिला दे विश्रांती."

नवं घेतलं, खालच्या दर्जाचं. तोवर वहीतले साठ हजार अर्ध्यावर आले होते आणि काकांनी स्टेपनीची मागणी पुढे केली. प्रत्येक पार्टाला एक जादा हवा, स्टेपनीशिवाय गाडी सुटत नाही. मी त्यांना समजावलं, मग ओरडले, मग खाली जाऊन वडापाव खाऊन आले. परत आले तेव्हा तडजोड झाली होती: एक जादा पंखा. तो आजही त्यांच्या कपाटात खोक्यात आहे, खोक्यावर लिहिलंय 'स्टेपनी'.

रंगीबेरंगी दिव्यांचा विषय दिपेशने काढायलाच नको होता. आजकाल दिवे नसलेला पार्ट मिळणं कठीण. काकांनी दिवे पाहिले आणि तुच्छतेने म्हणाले, "लक्झरीवाले लावतात असलं." कॅबिनेट घरी आणून त्यांनी त्याला लाल ऑइलपेंट फासला. गॅलरीत वाळत ठेवलं आणि मग आमच्या मांजराने त्यावर अंग घासलं. मांजर दिवाळीपर्यंत लाल होतं.

गेमिंगची खुर्चीसुद्धा मी सुचवून पाहिली. ती मागे कलते हे बघून काका म्हणाले, "झोपायची खुर्ची ड्रायव्हरला देणारा माणूस कोण आहे, मला दाखव." शिळफाट्याच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी जुन्या गाडीची ड्रायव्हर सीट आणली, रेक्झिन फाटलेली, आणि हॉलच्या फरशीत चार बोल्ट मारून बसवली. लक्ष्मीकाकूंनी ड्रिलचा आवाज ऐकला तेव्हा त्या माझ्याकडे चहाला आल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. "आता गेले तर मी त्यांना काहीतरी बोलीन," म्हणाल्या आणि आणखी अर्धा कप मागितला.

मला राग यायचा. माझे शनिवार गेले, माझ्या मांजराचा रंग गेला. पण मॉनिटर घ्यायच्या दिवशी तो राग उतरला.

दिपेशने बत्तीस इंची, बाक असलेला मॉनिटर लावून ठेवला होता, दिवाळीच्या ऑफरमध्ये. काका त्याच्यासमोर बसले. हात लांब करून अंतर मोजलं. मग नजर सरळ ठेवून दोन्ही हातांची बोटं बाहेरून हळूहळू आत आणायला लागले, आणि जिथे दिसायला लागली तिथे थांबले. त्या दोन बोटांमधलं अंतर त्यांनी माझ्याकडून टेपने मोजून घेतलं.

"बावीस इंची बसतो," ते म्हणाले.

"काका, एवढ्याच पैशात—" दिपेश सुरू झाला.

"मोठा घेऊन काय करू? बाहेरचं मला दिसत नाय. ह्यो आख्खा दिसतो. पाच वर्षांत पहिल्यांदा एक वस्तू कडेपासून कडेपर्यंत दिसतीय."

दिपेशने बावीस इंची बांधून दिला. मला रडू आलं, म्हणून मी त्याच्याशी वायरच्या किमतीवरून उगाच भांडले.

स्टिअरिंग मात्र रडतखडत आलं. चांगलं महाग होतं, स्वस्त होतं ते काकांना पापडाएवढं वाटायचं. पैसे साठेपर्यंत थांबू म्हणाले. लक्ष्मीकाकूंनी भिशी लागल्यावर वरचे दिले आणि वहीत साठाच्या पुढे स्वतःच्या हाताने 'काकूंचे वेगळे' असं लिहिलं. होळीच्या आधीच्या रविवारी दिपेश स्वतः घरी येऊन सगळं जोडून गेला. लाल डबा सुरू झाला, पंखा घोंगावला. काका म्हणाले, "पिकअप हाये."

त्यांनी खाकी शर्ट घातला. गेममध्ये गाडीभोवती फिरून चाकं बघितली. सीटवर बसले. पडद्यावर कल्याणचा स्टँड, प्रवासी चढलेले, इंजिन सुरू. आणि काका हातात स्टिअरिंग धरून बसून राहिले.

"सोडा ना काका."

"घंटी कुठाय?"

मला आधी कळलंच नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे आपल्यालाही माहीत असतं. पण त्या गेममध्ये कंडक्टरच नव्हता. घंटीशिवाय गाडी हलवायची हे काकांच्या पायाला जमतच नव्हतं. मी मोबाइलवर घंटीचा आवाज लावला. ते म्हणाले, "तुझ्या मोबाइलला काय माहीत मागचं माणूस चढलं का लटकतंय?" काकूंनी ताटलीवर उलथनं दोनदा वाजवलं. ते म्हणाले, "जेवायला उठायचं का?"

गाडी दोन दिवस कल्याण स्टँडमध्ये उभी होती. पडद्यावरचे प्रवासी अधूनमधून वैतागून काहीतरी बोलायचे. काका त्यांना खरोखर उत्तर द्यायचे, "थांबा जरा, येतोय." कोण येतोय ते विचारलं की स्टिअरिंग पुसायला लागायचे.

तिसऱ्या दिवशी मी कोपरीला गेले. कुणी सांगितलं नव्हतं, मीच वैतागून गेले. सखाराम रोकडे एका जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला राहतात. बारीक अंगाचे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेले. मी सगळं सांगितलं: रेडिएटर, स्टेपनी, मांजर, घाटमाथ्यावरची दोन मिनिटं. ते हसले नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, "गाडी किती वेळ उभी आहे?"

"दोन दिवस."

"पॅसेंजर आत?"

"आत."

ते उठले आणि चपला घातल्या.

दार काकांनीच उघडलं. दोघं उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे. सखारामांच्या हातात पितळी घंटी आणि सुतळी होती. पाच वर्षांनी ते बोललेलं पहिलं वाक्य असं: "उजवीकडचं दिसतं का आता?"

मला वाटलं, संपलं. काकूंनी तर पदर तोंडाला लावला.

"नाय दिसत," काका म्हणाले. हे त्यांनी कुणालाही असं सरळ सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

"मग बसा."

सखारामांनी घंटी खिडकीच्या पडद्याच्या दांडीला बांधली, सुतळी ओढून पाहिली. मग दिवाणावर, काकांच्या मागे उजवीकडे बसले, पडद्यावरचे प्रवासी दोनदा मोजले आणि दार लागलंय ना ते पाहून सुतळी ओढली. दोनदा. गाडी सुटली.

काय चालवली हो! मुरबाड गेलं, टोकावडे गेलं. माळशेजची चढण लागली तेव्हा पंखा इतका ओरडायला लागला की खालचे लोक वर आले आणि दारातच उभे राहून बघायला लागले. घाटमाथा एका वळणावर आला होता. आणि तेवढ्यात सखारामांनी एक घंटी मारली.

काकांचा पाय ब्रेकवर गेला. का म्हणून विचारलं नाही, मान वळवली नाही. गाडी जागच्या जागी थांबली आणि पडद्याच्या उजव्या कडेने एक ट्रक वळण कापत, घासता घासता निघून गेला. तो ट्रक मला येताना दिसला होता. दारातल्या सगळ्यांना दिसला होता. बावीस इंचांच्या आत होता.

काकांनी स्टिअरिंगवरचे हात काढले. बोटं दोन्ही बाजूंनी हळूहळू आत आणली आणि थांबली तिथे बघत राहिले. दिवाळीत मॉनिटर मावला होता त्या बोटांमध्ये. आता मावत नव्हता.

"मला दिसला नाय, सखाराम."

"मला दिसला ना," सखाराम म्हणाले. "माथ्यावर दोन मिनिटं थांबायचंय ना तुम्हाला? मग तिथपर्यंत तरी चला."

आणि त्यांनी सुतळी दोनदा ओढली.