पांढरीवरच्या मावशी

"सर, चपला!"

खड्ड्यात पाय टाकला रे टाकला की मावशींचा आवाज यायचा. खोदकामाचा प्रमुख मी, त्या रोजावर माती उकरणाऱ्या, तरी दरडावायच्या त्या. "कुणाच्या घरात शिरताय, ध्यान हाय का?" घर तीन हजार वर्षांपूर्वी मोडलेलं. उरली होती चोपलेली जमीन आणि चुलीचा काळा डाग. पण मावशींच्या लेखी घरची माणसं नुसती बाहेर गेली होती.

सारोळ्याच्या अलीकडे नीरेकाठी एक पांढर आहे. पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. तुमच्याही गावाला असेल, आणि तिथली माती तुमच्याही आजोबांनी शेतात नेऊन टाकली असेल. आम्ही तिथे दोन हिवाळे खणत होतो. तांबं आलेलं, लोखंड अजून यायचं, असा तो काळ. मावशी खुरप्याची मूठ जमिनीवर ठोकायच्या, कान द्यायच्या आणि सांगायच्या, "हितं भुई हाय. तितं न्हाई." एकदा मी हट्टानं 'न्हाई' म्हटलेल्या जागीच खणलं. अख्खा दिवस मातीत गेला. "लई शिकलाय न्हवं तुमी," एवढंच म्हणाल्या आणि मला पाण्याची बाटली दिली.

एका दुपारी त्या घराच्या भुईखाली दोन मडकी लागली. आडवी, तोंडाला तोंड लावलेली. त्या काळी तान्हं मूल गेलं की असंच मडक्यांत घालून घरातल्या घरात पुरायचे. मी हे मावशींना सांगितलं. त्या खुरपं बाजूला ठेवून मडक्यांपाशी बसल्या.

"आमचं पयलं बाराव्या दिशी गेलं," त्या म्हणाल्या. "गड्यांनी उचलून नदीकडं नेलं. बाईमानसानं जायाचं नसतं. मला जागाबी दावली न्हाई कुणी. हिनं बघा, पायाखालीच ठिवलं."

मग त्यांनी मडक्यांच्या खालच्या मातीत हात सरकवला, बोटं फिरवली. "आख्खं हाय, सर. कुठं तडा न्हाई. काढताना मला हात लावू द्या. येवढं ऐका माजं."

"तुम्हीच काढायचं, मावशी," मी म्हणालो. शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याहून आमचे वरिष्ठ येणार होते. भुईचा एक तुकडा मी मुद्दाम हात न लावता राखला होता. तिथली माती तपासली की ती माणसं काय पिकवत होती, काय खात होती, ते कळणार होतं. सकाळी येऊन बघतो तर काय, सगळी भुई शेणानं सारवलेली! बोटांची वळणं अजून ओली. मावशी हात पुसत उभ्या, चेहरा कसा खुललेला.

"मोटं सायेब येनार. पावनं येत्यात तर घर पारोसं ठिवायचं व्हय?"

माझं डोकंच फिरलं. "अक्कल गहाण टाकलीय का? घर नाही हे! घर नाही!" सगळ्यांदेखत ओरडलो. "उद्यापासून येऊ नका. उद्या कशाला, आत्ताच निघा." अहो, आईच्या वयाची बाई ती. मावशींनी शेणाचे हात पदराला पुसले, काठावर चढल्या आणि वळून विचारलं, "आन् ते लेकरू?"

मी साहेबांची गाडी आली का ते बघायला वळलो.

साहेबांनी माझी खरडपट्टी काढली, ती रास्तच होती. मडक्यांचे फोटो झाले, गाडी निघायची घाई झाली, आणि त्याच रागाच्या हातांनी मी मडकं उचललं. खालून तडकलं. करंगळीएवढी हाडं मातीत सांडली. साहेब गाडीपाशी फोनवर बोलत होते.

"खालून तडा होता," मी सांगितलं. "जुनाच." अहवालातही तेच लिहिलं.

आठवड्याभरानं नसरापूरच्या स्टॉपवर मावशी दिसल्या. मी तोंड चुकवणार होतो, पण त्याच लगबगीनं आल्या. कामावरून काढल्याचं अवाक्षर नाही.

"लेकरू नीट निगालं न्हवं?"

"हो मावशी. अख्खं."

"मंग झालं." त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात एसटी आली आणि त्या चढल्या.

गेल्या वर्षी मावशी वारल्या. मला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. ते मडकं सांधून पुण्यात काचेच्या पेटीत ठेवलंय. विद्यार्थी हमखास विचारतात, "सर, हा तडा कधीचा?"

"जुना," मी म्हणतो. खोटं बोलतो. तडा नव्हता, हे हात लावून पाहिलेलं माणूस एकच होतं, आणि त्यांना मी तिथून हाकलून दिलं होतं.