मारियाबाईची बरणी

मोठी आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी संग्रामपूरच्या बस स्टँडवर आमच्या वरवट बकालच्या गाडीची वाट पाहत होते. फोन माझ्या आईचा होता. "निघाली का तू?" एवढंच विचारून तिनं फोन ठेवला. मला कळलं. त्या सकाळी मी कॉलेजला निघाले तेव्हा मोठी आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून तिनं नुसता हात वर केला. चिठ्ठीचं विचारलं नाही. रोज विचारायची, त्या दिवशी नाही विचारलं. त्या चिठ्ठीचा पाचवा खर्डा माझ्या बॅगेत होता. आज सहा आठवड्यांनी हे लिहायला बसले आहे, नीट जमेल की नाही माहीत नाही. ती चिठ्ठी मी वेळेवर लिहिली नाही, म्हणून निदान हे तरी लिहावं असं वाटतं.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची, मोठ्या बाबांची, बायको वत्सला. आमच्या दोन घरांत एकच भिंत. तिचं शिक्षण दुसरीपर्यंत, आणि आमच्या दोन्ही घरांतून कॉलेजात गेलेली मुलगी मी पहिलीच, त्यामुळे औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचण्यापासून मोबाइलमधला मेसेज वाचण्यापर्यंत सगळं तिनं माझ्यावर सोपवलेलं. तिचा मुलगा प्रमोददादा शिकला तो बाहेरच, आणि नोकरीला गेला तो थेट स्लोव्हेनियात. युरोपातला एक लहानसा देश. स्नेहावहिनीला दिवस गेले, तेव्हा तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बाळंतपण करायला मोठ्या आईला बोलावलं. जानेवारीत ती निघाली. "मले काऊन नेता? तिथं काय बाया बाळंत होत नाहीत का?" असं म्हणत म्हणतच तिनं डिंक, खारीक, ओवा, बाळंतशेपा आणि एक छोटी लोखंडी शेगडी बांधून घेतली. शेगडी कशाला, हे दादानं फोनवर विचारलं होतं. तिनं ऐकू न आल्यासारखं केलं.

पुढचं तिनं ओट्यावर बसून इतक्या वेळा सांगितलं आहे की मी तिथं होते असं मला वाटतं. बाळ आठ दिवसांचं झालं. दादा ऑफिसला गेलेला. मोठ्या आईनं बाळाला न्हाऊ घातलं, वहिनीला न्हाऊ घातलं, शेगडीत कोळसे फुलवले आणि आपल्याकडे देतात तशी ओव्याची, लसणाच्या सालींची धुरी दिली. खिडक्या बंद, कारण बाहेर बर्फ. छताला धूर झाला की वाजणारं यंत्र असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. "ते असं बोंबलाले लागलं का मले वाटलं लेकराले काही झालं." अख्खी इमारत खाली उतरली. बर्फात, नऊवारीवर स्वेटर घातलेली मोठी आई, दुलईत गुंडाळलेली नात तिच्या छातीशी, शेजारी थरथरणारी वहिनी, आणि समोरून बंबगाडी येतेय. तेवढ्यात समोरच्या दारातल्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीनं आपल्या अंगातला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. ती मारियाबाई. दादा धावत आला आणि शरमून बंबगाडीकडे पाहू लागला. मोठी आई त्याला म्हणाली, "आता काय पाहून राह्यला? शेगडी इझली, लेकरू निजलं. चाल घरात."

दुसऱ्या दिवशी मारियाबाई दारात उभी. हातात काचेची बरणी, झाकणावर लाल-पांढऱ्या चौकड्या, आत सफरचंदाच्या वाळवलेल्या चकत्या. मोठ्या आईनं चकत्या काढून घेतल्या, बरणी धुतली आणि तिच्यात डिंकाचे चार लाडू घालून परत केली. शेजाऱ्याचं भांडं आपण रिकामं परत करत नाही. पण गंमत म्हणजे दोन दिवसांनी तीच बरणी अक्रोड घेऊन परत आली. मग शेंगदाण्याची चटणी गेली, मध आला. "तिचीबी तशीच रीत असंल, नाहीतर तिले हट्ट असंल," मोठी आई म्हणायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मोठी आई वऱ्हाडीतच बोलायची, ती तिच्या भाषेत, आणि तीन महिने त्यांचं काही अडलं नाही.

मार्चच्या शेवटी दादानं सगळ्यांना गाडीतून देश दाखवला. त्याबद्दल बोलताना मोठी आई जरा हळू व्हायची. "सकाळी बर्फाच्या डोंगरापाशी उभी होती. दुपारी जमिनीच्या पोटात, तिथं भुयारातबी रेल्वे हाये. दिवस बुडता बुडता समुद्र. मंबई न पाहता म्या समुद्र पाह्यला." तिनं बोट बुडवून पाणी चाखलंही. आणखी एके दिवशी एका तळ्यावर नेलं, मध्ये बेट, बेटावर देऊळ. "लोनारसारखंच, पन तिथं पान्यात बदकं." होडीतून जाऊन तिथली घंटा वाजवली की मनातलं मागायचं असतं, असं वहिनीनं सांगितलं. मी विचारलं, "मग काय मागितलं?" ती म्हणाली, "हात जोडले. कोनाचं देऊळ हे मालूम नसलं त मांगावं कसं?"

निघायच्या सकाळी मारियाबाईनं वाळवलेल्या फुलांचा चहा भरून ती बरणी तिच्या पिशवीत ठेवली. विमानाची घाई, परत द्यायला वेळच नव्हता. म्हणून ती बरणी वरवट बकालला आली आणि मोठ्या आईच्या जिवाला लागली. मे महिन्यात तिनं सरगुंडे केले, काडीवर कणकेची तार गुंडाळून, एकेक नळी उन्हात वाळवून. चांगले सरळ निवडून बरणी भरली आणि मला म्हणाली, "आता तू इंग्रजीत चिठ्ठी लिह्य, तिले इंग्रजी वाचता येते. पार्सल तुले मालूम असंल कसं करतात ते."

मी म्हटलं, फोनवर दादाला सांग ना, तो तिला सांगेल. "त्यानं सांगतलं त ते त्याचं झालं. आन् नुसती बरनी धाडली त तिले वाटते, उसनं फेडलं." मग म्हणाली, "तिचंबी वय झालं, माह्यंबी झालं. लवकर लिह्य वं."

तिला लिहायच्या होत्या तीनच गोष्टी. कोट लय गरम होता. सरगुंडे दुधात शिजवायचे, पाण्यात नाही. आणि इकडे ये. एवढंच. पण मला ते कमी वाटलं. परदेशात जाणारं पत्र, त्यात माझ्या इंग्रजीत चूक दिसली तर कॉलेजात शिकून काय उपयोग... मी डिक्शनरी घेऊन बसले. पहिल्या खर्ड्यात आपल्या जिल्ह्याची माहिती लिहिली, दुसऱ्यात भारतीय संस्कृती. ते मी तिला मराठीत वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे म्या कवा म्हटलं? हे तं भाषन झालं." मी हसले, पण मनातून दुखावले. मग परीक्षा आली, मग निकाल, मग कॉलेजचं नवं वर्ष सुरू झालं. ती अंगणातून विचारायची, "झाली का चिठ्ठी?" मी म्हणायचे, "होतच आली." खरं म्हणजे मला भीती वाटत होती. तिला मात्र वाटायचं की एवढी शिकलेली पोरगी वेळ घेते म्हणजे काहीतरी चांगलंच लिहीत असेल. हे तिनं एकदा माझ्या आईला सांगितलं होतं. मला ते ती गेल्यावर कळलं.

दादा तिसऱ्या दिवशी पोचला. तेरावं झाल्यावर तो सामान भरत होता, तेव्हा मी त्याला फडताळातली बरणी दाखवली आणि सगळं सांगितलं. त्यानं बरणी उचलून उजेडात धरली. "आन् चिठ्ठी?" मी बॅगेतला पाचवा खर्डा काढला, वाचला आणि परत ठेवला. वहीचं कोरं पान फाडून तिथंच, दाराच्या चौकटीला टेकून लिहिलं. कोट फार ऊबदार होता. हे दुधात शिजवायचे. तुम्ही इकडे या. खाली मोठ्या आईचं नाव. दहा मिनिटंही लागली नाहीत. इंग्रजी बरोबर आहे का, हे मी दादाला विचारलं नाही. घडी घालून त्यानं पान खिशात ठेवलं. ती गेली हे मात्र तोच सांगणार होता.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. मारियाबाईनं चिठ्ठी जिन्यात उभ्यानंच वाचली. मग दादानं सांगितल्यावर त्याच पायरीवर बसली, बरणी मांडीवर घेऊन. दुसऱ्या दिवशी दुधात शिजवलेल्या सरगुंड्यांची वाटी तिनं दादाच्या घरी आणून दिली, पहिला घास बाळाला भरवला. आणि बरणी? बरणी धुऊन तिच्या खिडकीत उपडी घातलेली आहे, वाळते आहे.

मी हे सांगायला मोठ्या बाबांकडे गेले. ते स्वयंपाकघरात चहा करत होते, अजून त्यांना पत्तीचा अंदाज येत नाही. फडताळात बरणी होती तिथं धुळीत एक स्वच्छ गोल राहिला आहे. डब्यातून चहाची पत्ती काढून झाल्यावर मी तो डबा सहज त्या गोलावर ठेवायला गेले. त्यांनी माझ्या हातातून घेऊन तो खालच्या फळीवर ठेवला.

"तिथं काही ठेवू नको," ते म्हणाले. "बरनी वापस यायची हाये."