दोन्ही कान दिसले पाहिजेत

आता काय सांगू तुम्हाला, ही फजिती मी इतकी वर्षं घरातल्या घरात दाबून ठेवली होती. पण चहा मागवलाच आहे तुम्ही, तर ऐका. फक्त मध्ये हसायचं नाही. फोटोत काय आणि गप्पांत काय, हसणाऱ्या माणसाशी माझं जमत नाही!

माझा स्टुडिओ सीताबर्डीत, व्हरायटी चौकाच्या मागच्या गल्लीत. सत्तर सालच्या आगेमागे अर्धं नागपूर माझ्या स्टुलावर बसून गेलं म्हणा ना! नोकरीच्या अर्जाचे फोटो, सोयरीक जमवायचे फोटो आणि पासपोर्टचे फोटो, ज्यात दोन्ही कान दिसलेच पाहिजेत! आरशाजवळ कंगवा, पावडरचा डबा आणि खिळ्याला एक काळा कोट. ज्याच्याकडे स्वतःचा नाही, त्याने तो चढवायचा. त्याचं मधलं बटण तुटलं तेव्हा माझ्या बायकोने, शालूने, घरात सापडलं ते पांढरं बटण लावून दिलं. काळ्या कोटाला पांढरं बटण! पण गिऱ्हाइकाने कधी कुरकुर केली नाही.

मला एकच गोष्ट खुपायची. शहरातल्या फोटोग्राफरांचं एक मंडळ होतं, ते मला 'पासपोर्टवाला' म्हणायचं. त्यातला वानखेडे तर गळ्यात कॅमेरा अडकवून खेडोपाडी फिरायचा आणि स्वतःला मोठा कलावंत समजायचा.

"मनोहरभाऊ," तो चारचौघांत म्हणायचा, "तुमचं काम म्हंजे गिऱ्हाइकाचे कान मोजाचं. कला वेगळी असते गा!"

असा संताप यायचा की विचारू नका!

आणि माझं नशीब उघडलं. माझे भाऊजी इथिओपियात शाळेत गणित शिकवायचे. आपल्याकडचे बरेच मास्तर तेव्हा तिकडे होते. ताईने चार वर्षांत माहेरचं माणूस पाहिलं नव्हतं, म्हणून भाऊजींनी मला विमानाचं तिकीटच पाठवलं. मी त्याच संध्याकाळी मंडळात जाहीर करून टाकलं, "परत आलो की प्रदर्शन! परदेशातली साधी माणसं! जशी आहेत तशी!"

'जशी आहेत तशी' हे माझेच शब्द बरं का.

वानखेडे म्हणाला, "जमलं तं कमिटीवर घेऊ तुम्हाले. नाई जमलं तं..." आणि पुढे न बोलता दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरून उभा राहिला. सगळे खो खो हसले. मी मनात म्हटलं, बघतोच!

तिकडे थंडी असते, असं ताईने पत्रात लिहिलं होतं. माझ्याकडे गरम कपडे म्हणजे एक स्वेटर, एक कानटोपी आणि... बरोबर ओळखलंत. खिळ्यावरचा कोट घातला आणि निघालो.

तिथला बाजार काय वर्णावा! समोर डोंगर, मिरच्यांचे ढीग, भाजत्या कॉफीचा वास, मोळ्या लादलेली गाढवं. पहिल्याच दिवशी एक कांदेवाला दिसला. सकाळचं तिरपं ऊन, खांद्यावरची पांढरी शाल वाऱ्यावर उडतेय आणि शेजारणीच्या कसल्याशा बोलण्यावर गडी मान मागे टाकून हसतोय.

"काढ, काढ!" भाऊजी ओरडले.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. आणि वीस वर्षांची सवय आडवी आली! शाल घसरलेली, दात दिसताहेत, मागून गाढव चाललंय. असा फोटो कुणी काढतं का हो? मी गेलो, शाल उतरवून ताईच्या हातात दिली, माझा कोट त्याला चढवला, तिन्ही बटणं लावली, भिंतीला ताठ बसवला आणि हनुवटी दोन बोटांनी वर केली. बिचारा एकदम गंभीर झाला. त्याला वाटलं असेल, काहीतरी सरकारी काम आहे.

"अरे, हसून राहिला होता तवाच काढाचा होता न!" भाऊजी हळहळले.

"हसलं की गाल फुगतात, भाऊजी."

"अन् कोट काहून घातला त्याले?"

"माणूस नीट दिसला पाहिजे!"

गणिताचे मास्तर, त्यांना यातलं काय कळणार!

दुसऱ्या दिवसापासून मी ताईच्या घरची पांढरी चादरच बरोबर घेऊ लागलो. एक टोक झाडाला, दुसरं ताईच्या हातात. सुतार झाला, शिंपी झाला, हमाल झाला. एका मोळीवाल्या आजीबाईला कोट घातला तर तिचं हसू काही थांबेना. मी शांतपणे थांबलो. शेवटी दमून ती गप्प झाली, तेव्हा खटका दाबला. उठताना तिने माझीच हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि सगळा बाजार हसला. मी मनावर घेतलं नाही. मोठं काम करणाऱ्याला लोक हसतातच!

परत येताना भाऊजींनी त्यांच्या साध्या कॅमेऱ्यातला एक रोल दिला. "धुऊन ठेव, आमच्या घरचे फोटो आहेत," म्हणाले. माझे फोटो मी स्वतः धुतले. काय फोटो होते! एकेकाचे दोन्ही कान स्पष्ट! भाऊजींचा रोल शालूने धुतला.

"अहो, भाऊजींचेही छान आलेत न," ती म्हणाली.

"हौशी माणसाचं काय पाहायचं!" मी म्हटलं, आणि पाहिले नाहीत.

प्रदर्शनाच्या दिवशी फ्रेमा सायकलरिक्षातून नेताना एक काच फुटली आणि आतल्या फोटोतल्या हमालाच्या तोंडावर ओरखडा उठला. मला फुरसत नव्हती. "मी लावते दुसरा," शालू म्हणाली. मी दारात पाहुण्यांच्या स्वागताला उभा राहिलो.

पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राचार्य आले होते. ते एकेक फोटो पाहत पुढे सरकू लागले, मागे वानखेडे आणि पन्नासेक माणसं. कुणी बोलेना. मला वाटलं, भारावलेत!

एवढ्यात एक बाई शेजारणीला म्हणाली, "अवं सुमन, हा कोट तं आपल्या प्रभाकरच्या फोटोत आहे न वं! पाह्य न, पांढरं बटन!"

"माह्या भावाच्याही फोटोत हाच आहे," मागून एक जण म्हणाला.

"अन् माह्याही!" तिसरा.

झालं! जो तो बटण पाहू लागला. कांदेवाला त्याच कोटात, सुतार त्याच कोटात, आजीबाई त्याच कोटात! मागे कोरी पांढरी चादर. वानखेडेचे डोळे चमकले.

"मनोहरभाऊ, खरं सांगा. तिकडे गेले होते, का इथंच जवळ खाप्याले जाऊन बसले होते? हॉस्टेलातल्या परदेशी पोराइले स्टुडिओत बसवलं असन, अन् ही बुढी त्याइच्यातल्याच कोनाची पाहुणी असन!"

"अरे, पासपोर्ट आहे माझा! शिक्का आहे त्यावर!" मी ओरडलो. मिरवायला म्हणून पासपोर्ट खिशातच ठेवला होता. काढून प्राचार्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा सावरून पहिलं पान उघडलं, आणि लोकांच्या माना आत वाकल्या.

आत माझा फोटो. त्याच कोटात. पांढऱ्या बटणासकट!

असा हशा उसळला की विचारू नका. शिक्क्याचं पान कुणी उलटलंच नाही. कमिटी गेली खड्ड्यात, उद्या स्टुडिओत कोण येणार? ज्याने अख्खा इथिओपिया खोटा उभा केला, त्याने काढलेल्या सोयरिकीच्या फोटोवर कोण भरवसा ठेवणार?

"अरे, इकडे या! इकडे या सगळे!"

कोपऱ्यातून प्राचार्यांचा आवाज आला. ते शेवटच्या फ्रेमसमोर उभे होते. "हा पाहा खरा फोटो! हे डोंगर, ही गाढवं, या हसणाऱ्या बाया! आणि मधला हा हमाल पाहा. खांद्यावर ओझं, डोक्याला फडकं गुंडाळलेलं, दाताखाली जीभ धरून कामात बुडालाय. आपल्याकडे कुणी पाहतंय याची शुद्ध नाही. याला म्हणतात साधा माणूस, जसा आहे तसा!"

खाली शालूच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'बाजारातला हमाल.' फोटो बदलला, पण चिठ्ठी तीच राहिली होती.

मी गर्दीतून डोकं घातलं. फोटो भाऊजींच्या रोलातला. खांद्यावरचं ओझं म्हणजे माझ्या कॅमेऱ्याच्या स्टँडची पिशवी. डोक्यावरचं फडकं म्हणजे माझी कानटोपी. कोट घातलेल्या एका गरीब माणसाची हनुवटी मी दोन बोटांनी वर करतोय, आणि मागे ताईच्या हातातल्या चादरीचं टोक एक गाढव चघळतंय!

"हे तं मनोहरभाऊच होय!" वानखेडे किंचाळला. मग त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "गेले होते बाप्पा. खरंच गेले होते."

माझी अब्रू वाचली. गिऱ्हाईक तुटलं तर नाहीच, उलट दुसऱ्या दिवसापासून परदेशाहून आलेल्या त्या कोटात फोटो काढायला रांग लागली. मंडळाने कमिटीवरही घेतलं, पण तिकडे इथिओपियात बसलेल्या भाऊजींना! त्यांचा तो फोटो मंडळाच्या भिंतीवर अजून टांगलेला आहे. येणारा जाणारा त्याचं कौतुक करतो.

पण तुम्हीच सांगा, तो चांगला फोटो आहे का? कॉलर वाकडी, मान खाली, आणि कानटोपीमुळे माझा एकही कान दिसत नाही!